श्रम नव्हे, क्लम : कर्करोगोत्तर थकव्यात वैद्यांचे कर्तव्य

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत एक नवा रुग्णवर्ग दिसू लागला आहे. या मंडळींची शस्त्रक्रिया झालेली असते, किमोथेरपीचे व किरणोपचाराचे ठरलेले टप्पे पूर्ण झालेले असतात, तपासण्यांचे अहवाल समाधानकारक असतात आणि 'आता सहा महिन्यांनी दाखवा' असे सांगून मोठ्या रुग्णालयाने त्यांना घरी पाठवलेले असते. वय बहुधा साठीच्या पुढचे. कागदोपत्री हे रुग्ण कर्करोगातून पार पडलेले असतात. प्रत्यक्षात मात्र अंगणापर्यंत जाऊन येण्याचेही त्राण त्यांच्यात उरलेले नसते. ते आपल्याकडे एकच मागणी घेऊन येतात, 'काहीतरी ताकदीचे द्या.' आणि आपण देतो. एखादा अवलेह, एखादे चूर्ण, जोडीला एखादी गुटी. प्रस्तुत लेखकानेही वर्षानुवर्षे हेच केले. ते अपुरे होते आणि काही रुग्णांच्या बाबतीत चुकीचेही होते, हे स्पष्टपणे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

माझ्या या मतपरिवर्तनास पन्हाळा तालुक्यातील एक सदुसष्ट वर्षांच्या शेतकरी बाई कारणीभूत झाल्या. स्तनाच्या कर्करोगावरील उपचार पूर्ण होऊन त्यांना एक वर्ष लोटले होते. त्यांनी टेबलावर ठेवलेल्या पिशवीतून अवलेहाच्या दोन बरण्या, अश्वगंधा चूर्णाचे एक पाकीट आणि गोळ्यांच्या तीन डब्या निघाल्या. त्यांतील निम्मी औषधे माझीच होती. घरची माणसे प्रेमळ होती. सून त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देत नसे. दिवसातील बराच काळ त्या अंथरुणावर असत. मी नेहमीप्रमाणे नाडीला हात लावला, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रोपलागणीला दिवसभर चिखलात वाकून दमायची, पण रातभर झोपलं की सकाळी अंग मोकळं व्हायचं. आता काय काम न्हाई, तरी जीव दमतोय. आणि ह्यो दमणूक झोपून बी उतरत न्हाई."

त्या बाईंनी नकळत सुश्रुताचे एक लक्षण सांगितले होते.

शास्त्रातील भेद

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील चौथ्या अध्यायात तंद्रा, जृंभा, आलस्य, गौरव यांच्या जोडीने क्लमाचे लक्षण आले आहे. आयास न करता देहात वाढलेला, ज्यात धाप लागत नाही आणि जो इंद्रियांना आपापले विषय नीट ग्रहण करू देत नाही, असा जो श्रम तो क्लम, असा त्याचा भावार्थ. श्रमाला कारण आयास आणि उपाय विश्रांती. क्लमाला आयास हे कारण नाही, म्हणून केवळ विश्रांती हा त्याचा उपायही होऊ शकत नाही. आपण पदवीच्या पहिल्या वर्षांत हे पाठ केले आणि पुढे व्यवहारात श्रम, क्लम, दौर्बल्य ही तिन्ही 'अशक्तपणा' या एकाच खान्यात टाकली.

चरकाने सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात श्रमहर महाकषाय सांगितला आहे. द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव आणि षष्टिक ही त्यातील दहा द्रव्ये. उसाच्या या जिल्ह्यात इक्षूचे श्रमहर गुण वेगळे सांगावयास नकोत. फडात ऊस तोडणाऱ्यास ते अनुभवाने ठाऊक आहेत. परंतु जो दिवसभर अंथरुणावर पडून आहे, ज्याची भूक मंदावली आहे, ज्याला बहुधा मधुमेहही आहे, त्याला साखरेच्या पाकातील अवलेह दोन-दोन चमचे देऊन आपण नेमके काय साधतो? अग्नी मंद असताना दिलेले गुरू द्रव्य बल वाढवीत नाही, गौरव वाढविते, हे आपल्याला कोणी नव्याने सांगावयास नको.

आधुनिक वैद्यकात या अवस्थेला कर्करोगजन्य थकवा म्हणतात. विश्रांतीने न जाणारा, केलेल्या कामाच्या प्रमाणात नसलेला आणि दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारा थकवा, अशीच त्याची व्याख्या आहे. ती क्लमाच्या किती जवळ जाते, हे वाचकांच्या सहज ध्यानी येईल. दोन्ही शास्त्रांतील सर्वच संज्ञा अशा ओढूनताणून जुळवाव्यात असे माझे म्हणणे नाही. येथे मात्र लक्षणसाम्य इतके स्पष्ट आहे की त्यापासून चिकित्सेची दिशा मिळावी.

पुरावा काय सांगतो

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ४१० कर्करोगमुक्त व्यक्तींवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीची देखभाल, तर निम्म्यांना त्याखेरीज चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, सव्वा-सव्वा तासाचा म्हणजे ७५ मिनिटांचा सौम्य योगवर्ग असे त्याचे स्वरूप होते. वर्गात मृदू आसने, आधार घेऊन करावयाची विश्रामात्मक आसने, श्वसन आणि ध्यान यांचा समावेश होता. योग करणाऱ्यांची झोप सुधारली. याच अभ्यासातील साठ वर्षे व त्यापुढील ९७ जणांची माहिती २०१५ मध्ये स्वतंत्रपणे मांडली गेली. त्यांतही योग करणाऱ्या ज्येष्ठांचा थकवा आणि उपचारांच्या दुष्परिणामांचा एकूण भार दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळला. पुढील विश्लेषणात असेही दिसले की थकवा कमी होण्यातील काही वाटा सुधारलेल्या झोपेचा होता.

आपल्या राज्यातील मोठे उदाहरण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे. तेथे स्तनकर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर योगाचा तौलनिक अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथील परिषदेत मांडले गेले. वृत्तपत्रांनी त्यातील '१५ टक्के' हा आकडा ठळकपणे छापला. हा आकडा रोगमुक्त राहण्याच्या प्रमाणातील सापेक्ष सुधारणेचा आहे. शंभरांतील पंधरा रुग्ण योगाने बरे झाले असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. कोणी तो आकडा दुकानाच्या फलकावर लिहिला, तर ती शास्त्राशी आणि रुग्णाशी प्रतारणा ठरेल. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे हे की, एवढ्या मोठ्या रुग्णालयाने सौम्य आसने, शिथिलीकरण आणि प्राणायाम यांना नेहमीच्या उपचारांशेजारी जागा दिली आणि थकवा व वेदना यांत त्याचा लाभ नोंदविला.

२०२४ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी व सोसायटी फॉर इंटिग्रेटिव्ह ऑन्कॉलॉजी या संस्थांनी थकव्याविषयीच्या आपल्या मार्गदर्शक सूचना अद्ययावत केल्या. त्यांत व्यायाम, विचार-वर्तन उपचार आणि सजगतेवर आधारित कार्यक्रम यांना अग्रस्थान असून, उपचार संपलेल्यांना योग सुचविता येईल असे म्हटले आहे. उलट नैराश्यविरोधी औषधे, जागृती वाढविणारी औषधे किंवा एल-कार्निटीन केवळ थकव्यासाठी सरसकट देऊ नयेत, असे सांगितले आहे. म्हणजे आधुनिक वैद्यकही येथे बाटलीकडून चेष्टेकडे वळले आहे.

या पुराव्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रॉचेस्टरच्या अभ्यासात बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुतेक स्तनकर्करोगाच्या होत्या. कालावधी चार आठवड्यांचाच होता. योग करीत आहोत हे रुग्णापासून लपविता येत नाही, म्हणून अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे अवघड असते. फुप्फुसाचा, मुखाचा किंवा आतड्याचा कर्करोग झालेल्या सत्तरीच्या पुरुषास नेमका एवढाच लाभ होईल, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि, अल्प अपाय, अल्प खर्च आणि संभाव्य लाभ यांचा विचार करता हा उपाय प्रथम योजण्यास हरकत नसावी.

वाग्भटाचा निषेध आणि त्याचे उत्तर

येथे आपल्यातील विद्वान आक्षेप घेतील, आणि तो घेतलाच पाहिजे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात दुसऱ्याच अध्यायात वातपित्तजन्य रोगांचे रुग्ण, बालक, वृद्ध आणि अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. आपला रुग्ण वृद्ध आहे, वातप्रधान आहे आणि बहुधा अजीर्णीही आहे. मग त्याला व्यायाम सांगणारा वैद्य शास्त्रबाह्य ठरत नाही काय?

माझ्या मते नाही. वाग्भटाच्या त्या संदर्भातील व्यायाम म्हणजे बलवान, स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने अर्धशक्तीपर्यंत करावयाचे कर्म. सुश्रुताने अर्धबलाचे लक्षण दिले आहे : हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे. ही मर्यादा निरोगी तरुणाची. त्याच सुश्रुताने चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात व्यायामाहून वेगळे असे चंक्रमण सांगितले आहे. देहाला फार पीडा न देणारे चालणे हे आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे आणि इंद्रियांना जागविणारे आहे, असा त्याचा आशय आहे. क्लमात इंद्रिये मंदावतात आणि चंक्रमण इंद्रियांना जागविते, हा दुवा लक्षात घेण्याजोगा आहे. वृद्धाला निषेध आहे तो आखाड्याचा, चंक्रमणाचा नव्हे.

कोल्हापुरात हा खुलासा विशेष आवश्यक आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या या कुस्तीच्या नगरीत व्यायाम म्हटले की जोर-बैठका, लाल माती आणि घामाने निथळणारे अंग डोळ्यांसमोर येते. शेजारच्या औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तोही सशक्त प्रजेसाठी. ही परंपरा अभिमानास्पद आहे. परंतु तिच्यामुळे 'व्यायाम करा' असे म्हणताच थकलेला म्हातारा हसतो, किंवा ईर्ष्येने चार दिवस बेताबाहेर करून पाचव्या दिवशी अंथरूण धरतो. २०१५ पासून साजऱ्या होणाऱ्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या सामूहिक प्रात्यक्षिकांतही असा रुग्ण मागच्या रांगेत धडपडतो. त्याला हवी असलेली परंपरा आपल्याजवळच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून योगाला प्रयोगशाळेत आणले. पुण्यास बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोर, लोड व घड्या घातलेली घोंगडी यांचा आधार देऊन रोगी व वृद्ध यांच्या आवाक्यात आसने आणली. आपल्या रुग्णाला या दुसऱ्या वाटेने न्यावयाचे आहे.

मात्रा, काल आणि निषेध

चरकाने विमानस्थानात औषधाचे द्रव्यभूत व अद्रव्यभूत असे दोन प्रकार मानले आहेत. चेष्टा हे अद्रव्यभूत औषध होय, आणि औषध म्हटले की मात्रा, काल व निषेध आलेच. 'जरा फिरत जा' हा उपदेश झाला, चिकित्सा नव्हे. मी सध्या व्यवस्थापत्रावर पुढीलप्रमाणे लिहितो. ही माझी व्यवहारातील पद्धत आहे, सिद्धान्त नव्हे. अनुभवी वैद्यांनी तीत सुधारणा सुचवाव्यात.

सकाळी दहा मिनिटे. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसून घोटे, गुडघे, मनगटे व खांदे यांच्या सावकाश हालचाली. हात वर नेताना श्वास आत, खाली आणताना बाहेर. खुर्चीची पाठ धरून काही वेळा टाचा उचलणे. त्यानंतर घरातच किंवा अंगणात पाच मिनिटे चंक्रमण. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओसरी पुरेशी आहे. शेवाळलेल्या अंगणात वृद्धास पाठवू नये. सायंकाळी दहा मिनिटे गुडघ्यांखाली लोड ठेवून शवासन, श्वास सोडण्याचा काल सावकाश वाढविणे आणि हलकी भ्रामरी. कुंभक, कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन व सर्वांगासन पूर्णपणे वर्ज्य.

मर्यादा अर्धशक्तीचीही अर्धी. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा आदल्या सकाळपेक्षा वाढला असेल, तर मात्रा निम्मी करावी. तीन दिवस स्थिर राहिला, तर दोन मिनिटे वाढवावीत. घरातील एखाद्या मुलाने रोज सकाळी शून्य ते दहा या मापात थकव्याचा आकडा दिनदर्शिकेवर लिहावा. चार आठवड्यांनी ती दिनदर्शिका घेऊन रुग्णाने यावे. दिवसाची झोप अर्ध्या तासावर आणावी आणि आपल्या हातचे एक तरी छोटे काम रुग्णाला परत द्यावे. सत्त्वावजय म्हणून आपण जे शिकलो, त्याचा आरंभ मला येथेच दिसतो. 'तुम्ही बसा' हे प्रेमाचे वाक्य ऐकून ऐकून माणूस स्वतःला निकामी समजू लागतो.

हे लिहून देण्यापूर्वी मात्र कारणे तपासलीच पाहिजेत. पांडू, थायरॉइडची न्यूनता, अनियंत्रित मधुमेह, वेदना, निद्रानाश, नैराश्य आणि चालू औषधांचे परिणाम ही थकव्याची दुरुस्त होण्याजोगी कारणे आहेत. थकवा एकाएकी वाढला, वजन उतरू लागले, ताप, धाप, छातीत दुखणे, पायांवर सूज किंवा हाडात नवी वेदना दिसली, तर आसने नव्हेत, कर्करोगतज्ज्ञांकडे तातडीने पाठवणी हीच चिकित्सा. हाडांत रोग पसरलेला असल्यास, रक्तातील बिंबाणू कमी असल्यास किंवा हृदयावर औषधांचा परिणाम झालेला असल्यास तज्ज्ञांच्या संमतीवाचून काहीही सांगू नये. किमोथेरपीने तळपाय बधिर झालेल्या रुग्णाने उभ्याने काहीच करू नये. संप्रेरकरोधी गोळ्यांनी हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांना पुढे वाकण्याची व पीळ देण्याची आसने देऊ नयेत. काखेतील ग्रंथी काढलेल्या हाताला सूज येत असेल, तर भौतिकोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

औषधविक्रेत्यांस विनंती

आता आपल्यातील औषधनिर्माते व विक्रेते यांच्याशी दोन शब्द. 'ताकदीचे औषध' मागणाऱ्या ज्येष्ठास बरणी देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : कोणता मोठा आजार झाला होता काय, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि रक्तातील साखर किती असते. अश्वगंधेविषयी मला आदर आहे. किमोथेरपी चालू असताना तिच्या सेवनाने थकवा कमी राहिल्याचा एक छोटा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्धही झाला. परंतु त्यात रुग्णांची यादृच्छिक विभागणी नव्हती. थायरॉइडच्या संप्रेरकांवर अश्वगंधेचा परिणाम होऊ शकतो आणि तिच्या सेवनानंतर यकृतास अपाय झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. हळदीचा अर्क मिऱ्याच्या अर्कासह घेतल्यास टॅमॉक्सिफेनच्या कार्यकारी घटकाची रक्तातील पातळी घटू शकते, असे नेदरलँड्समधील २०१९ च्या एका लहान अभ्यासात आढळले. स्वयंपाकातील हळदीचा येथे संबंध नाही. प्रश्न तीव्र अर्काच्या कॅप्सूलांचा आहे. अशा रुग्णाला ती विकण्यापूर्वी त्याच्या डॉक्टरांना विचारणे हे विक्रेत्याच्या प्रतिष्ठेस साजेसेच होय.

'मग आमचा व्यवसाय कसा चालावा?' हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेला आहे आणि तो अप्रामाणिक नाही. त्याचे मूळ आपल्याच एका सवयीत आहे. आपण उपदेशाचे मूल्य औषधाच्या किमतीत लपवितो. वीस मिनिटे बसून रुग्णाला श्वास शिकविला, तर त्याचे शुल्क मागण्याचा आपल्याला संकोच वाटतो. चारशे रुपयांची बरणी दिली, तर वाटत नाही. परिणामी बरणी दिली जाते आणि वीस मिनिटे दिली जात नाहीत. वैद्याने शिकवण्याचे रास्त शुल्क उघडपणे घ्यावे आणि बरणी तिची गरज असेल तेव्हाच लिहावी. रुग्णाचा खर्च यात वाढत नाही. बहुधा कमीच होतो.

त्या पन्हाळ्याच्या बाईंच्या पिशवीतील एक सोडून सर्व औषधे मी बंद केली. त्याआधी रक्ताची तपासणी करून घेतली. पहिल्या आठवड्यात त्यांची फारशी श्रद्धा बसली नाही. औषध कमी केले म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, असे घरच्यांना वाटले. सहा आठवड्यांनंतर दिनदर्शिकेवरचा सातचा आकडा चारवर आला होता. चार म्हणजे शून्य नव्हे, आणि एका रुग्णाने काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. परंतु त्या स्वतःच्या पायांनी बस गाठून आल्या होत्या, सून मागे होती आणि पिशवी त्यांच्याच हातात होती.

आपल्या शाखेच्या आगामी सभांत या विषयावर एक प्रात्यक्षिक वर्ग व्हावा, ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि तालमींच्या रिकाम्या वेळेतील जागा त्यासाठी मागाव्यात, आणि प्रत्येकाने अशा निदान पाच रुग्णांच्या दिनदर्शिका जपून ठेवून वर्षाअखेरीस एकत्र मांडाव्यात, असे मी नम्रपणे सुचवितो. लाभ न झालेल्यांच्याही मांडाव्यात. श्रमाची औषधे आपल्यापाशी भरपूर आहेत. क्लमाच्या रुग्णाला आपण अद्याप आपला वेळ दिलेला नाही. सुज्ञ वैद्यबंधू-भगिनींनी याचा विचार करावा, ही विनंती.